अमेरिकेचा इतिहास शिकवायचाय? मग साहित्य गोळा करणं आधी थांबवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून इतिहासात एमए, इथे न्यू जर्सीत काही वर्षं सबस्टिट्यूट (बदली शिक्षिका) म्हणून काम, आता सर्टिफिकेट हातात आलंय आणि सप्टेंबरपासून दहावीला ‘यूएस हिस्टरी वन’ शिकवायचं आहे. एमएला अमेरिकेवर एकच पेपर होता. काय वाचू, फुकट साहित्य कुठे मिळतं, प्रशिक्षण कुठे घेऊ, आणि इथेच लहानाची मोठी झालेली मुलं समोर बसली असताना उभी कशी राहू?

मी याच राज्यात हाच विषय बरीच वर्षं शिकवतेय आणि आले तीही साधारण तुमच्याच वाटेनं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तुमची खरी धास्ती तीच दिसते.

या मुलांनी प्राथमिक शाळेपासून पाच-सहा गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकलेल्या असतात. पिलग्रिम आणि थँक्सगिव्हिंग, पॉल रिव्हिअरची घोडदौड, लिंकननी गुलाम मुक्त केले, रोझा पार्क्स दमल्या होत्या म्हणून बसमधून उठल्या नाहीत. नावं त्यांच्या तोंडावर असतात, पण ‘हे कोण सांगतंय, कधी सांगतंय, कशावरून?’ हे फारसं कुणी विचारलेलं नसतं. रोझा पार्क्स १९५५ च्या आधीच कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या माँटगोमरी शाखेच्या सचिव होत्या, त्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूलमध्ये शिबिराला जाऊन आल्या होत्या, एवढं सांगितलं तरी वर्ग सरसावून बसतो. आणि हा प्रश्न विचारायची सवय तुम्हाला एमएनं लावलेली आहे. सभासदाची बखर वाचताना ती शिवाजी महाराजांच्या पश्चात, १६९७ च्या सुमारास जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली हे आपण आधी ध्यानात घेतो. मग सुरतेच्या इंग्रज वखारीची पत्रं शेजारी ठेवतो. इथल्या शाळांमध्ये हेच ‘सोर्सिंग’ आणि ‘कॉरोबरेशन’ या नावांनी शिकवायला सांगतात. तुम्हाला ते येतं. कमी आहे ती तपशिलांची ओळख, आणि ती एका उन्हाळ्यात बरीच भरून निघते.

आपल्याकडचा अमेरिकेचा पेपर साधारण क्रांती, मन्रो सिद्धांत, यादवी युद्ध आणि तिथून उडी मारून विल्सन आणि न्यू डील असा जातो. त्यात तीन मोठी भोकं राहतात. पहिलं म्हणजे १८६५ ते १८७७ चा रिकन्स्ट्रक्शनचा, म्हणजे यादवी युद्धानंतर दक्षिणेच्या पुनर्रचनेचा काळ. दुसरं, मूळ रहिवासी राष्ट्रं, म्हणजे त्यांचे करार आणि त्यांची हकालपट्टी. तिसरं, राज्यं विरुद्ध केंद्र हा झगडा, जो इथे प्रत्येक प्रकरणाच्या पोटात असतो. तुमचं स्वतःचं वाचन या तिन्हींवर जास्त ठेवा.

सलग वाचायला ‘द अमेरिकन यॉप’ पुरे. ते विद्यापीठ पातळीचं पाठ्यपुस्तक आहे, ऑनलाइन पूर्ण फुकट आहे आणि प्रत्येक प्रकरणाला जोडून मूळ कागदपत्रं दिलेली आहेत. गाडी चालवताना ऐकायला येल विद्यापीठाची खुली व्याख्यानं घ्या: क्रांतीवर जोअॅन फ्रीमन, यादवी युद्ध आणि रिकन्स्ट्रक्शनवर डेव्हिड ब्लाइट. दोन्ही मालिका फुकट आहेत. ब्लाइट यांची शेवटची आठ-दहा व्याख्यानं तर सोडूच नका, आपल्या पेपरात गळलेलं सगळं तिथे आहे. क्रॅश कोर्सचे व्हिडिओ मुलांना उजळणीला ठीक. ते बघून आपण विषय शिकलो असं मात्र होत नाही.

आता साहित्य. इथे दुष्काळ नाही, महापूर आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेस, नॅशनल आर्काइव्ह्ज, स्मिथसोनियन, पीबीएस, शिवाय २०२६ मध्ये स्वातंत्र्याच्या घोषणेला २५० वर्षं होत असल्यामुळे प्रत्येक संग्रहालयानं काढलेले खास पाठ. नवे शिक्षक जून-जुलैत शेकडो लिंक साठवतात आणि ऑक्टोबरमध्ये रविवारी रात्री त्यात शोधत बसतात. पहिल्या वर्षी चारच ठिकाणं धरा.

सुरुवात डिजिटल इन्क्वायरी ग्रुपपासून करा. सॅम वाइनबर्ग यांनी स्टॅनफर्डमध्ये सुरू केलेला हा गट आता विद्यापीठाबाहेर स्वतंत्रपणे काम करतो. ‘रीडिंग लाइक अ हिस्टोरियन’ हे त्यांचे तयार पाठ फुकट उतरवून घेता येतात: एक प्रश्न, दोन ते चार छोटी कागदपत्रं, एका तासिकेत संपणारं काम. सप्टेंबरात लेक्सिंग्टनचा पाठ घ्या. १९ एप्रिल १७७५ ला पहिली गोळी कुणी झाडली? एका बाजूला ब्रिटिश लेफ्टनंट जॉन बार्करची रोजनिशी, ती म्हणते तिकडून एक-दोन गोळ्या आल्या. दुसऱ्या बाजूला ३४ मिनिटमेननी (वसाहतीच्या स्वयंसेवक सैनिकांनी) काही दिवसांनी शपथेवर दिलेलं निवेदन, ते म्हणतं आम्ही पाठ फिरवलेली असताना आमच्यावर गोळ्या झाडल्या. मुलं लगेच पक्ष घेतात, आणि बहुतेक जण अमेरिकनांचाच घेतात. तेव्हा एवढंच विचारायचं: शपथेवरचं निवेदन कुणाला दाखवायला लिहिलं असेल? रोजनिशी कुणाला?

दुसरं ठिकाण नॅशनल आर्काइव्ह्जचं डॉक्सटीच, म्हणजे मूळ कागदपत्रांचं शिक्षकांसाठीचं संकेतस्थळ. तिसरं ‘फाउंडर्स ऑनलाइन’, तेही त्यांच्याच छत्राखाली, जिथे वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अॅडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन यांची पत्रं शोधता येतात. अॅबिगेल अॅडम्सनी ३१ मार्च १७७६ ला नवऱ्याला लिहिलं की नवे कायदे कराल तेव्हा बायकांना विसरू नका, आणि १४ एप्रिलला जॉननी ते हसण्यावारी नेलं. दोन्ही पत्रं इथे पूर्ण वाचायला मिळतात. चौथं लायब्ररी ऑफ काँग्रेस. त्यांचे शिक्षकांसाठी निवडलेले संच आणि ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह, एवढंच सध्या पुरे. त्यांच्याकडे १९३६ ते १९३८ मध्ये पूर्वी गुलाम असलेल्यांच्या घेतलेल्या २,३०० हून अधिक मुलाखतीही आहेत. मोलाच्या आहेत, पण जपून वापरायच्या. मुलाखत घेणारे बहुतेक गोरे होते, काळ जिम क्रोचा, म्हणजे कायद्यानं वर्णभेद पाळण्याचा होता, सांगणारे म्हातारे आणि गरीब होते. कोण कुणाशी बोलतंय हे न सांगता यातला उतारा वर्गात देऊ नका.

एक कागद कसा चालवते ते दाखवते. जॉर्डन अँडरसन नावाचा माणूस टेनेसीत कर्नल पी. एच. अँडरसनचा गुलाम होता. १८६४ मध्ये तो मुक्त झाला आणि ओहायोतल्या डेटनला गेला. युद्ध संपल्यावर जुन्या मालकाचं पत्र आलं, परत ये, कामाला माणसं हवीत. जॉर्डननं सांगून लिहवून घेतलेलं उत्तर सिनसिनाटीच्या एका वर्तमानपत्रात छापून आलं आणि २२ ऑगस्ट १८६५ ला न्यूयॉर्क ट्रिब्यूननं ते पुन्हा छापलं. पत्राचा सूर अत्यंत अदबीचा. इथे मला महिन्याला २५ डॉलर मिळतात, मुलं शाळेत जातात, तुम्ही काय द्याल ते कळवा. आणि तुमचा हेतू खरा आहे हे पटावं म्हणून आमची आजवरची मजुरी आधी पाठवा. मी ३२ वर्षं काम केलं, माझ्या बायकोनं, मँडीनं, २० वर्षं. माझे महिना २५, तिचे आठवड्याला २.

इथे थांबायचं आणि मुलांना हिशेब करायला लावायचा. ९,६०० अधिक २,०८०. उत्तर ११,६८० येतं आणि पत्रातही तोच आकडा आहे. मग पुढचं वाक्य वाचायचं: यावर व्याज धरा आणि आमच्या कपड्यांचा खर्च, माझ्यासाठी डॉक्टर तीनदा आला ते आणि मँडीचा एक दात काढला ते वजा करा. वर्गात खसखस पिकते. मग प्रश्न टाकायचा, हा माणूस खरंच पैसे मागतोय की टोमणा मारतोय? वर्ग दुभंगतो आणि दोन्हीकडचे पत्रातूनच पुरावे काढतात. कुणीतरी हुशार मूल विचारतंच, हे पत्र एखाद्या गोऱ्या संपादकानं रचलं नसेल कशावरून? हा प्रश्न आला तर त्या दिवसाचं काम झालं. डेटनच्या जनगणनेत अँडरसन कुटुंबाची नोंद सापडते, हे तेव्हा सांगायचं, त्याआधी नाही. शेवटच्या ओळीत तो जॉर्ज कार्टरला नमस्कार सांगतो आणि आभार मानतो, कारण तुम्ही माझ्यावर गोळ्या झाडत होतात तेव्हा त्यानं तुमच्या हातातलं पिस्तूल काढून घेतलं. पत्रात मुलींच्या अब्रूबद्दल एक परिच्छेद आहे. तो आधी स्वतः वाचा, वर्ग बघा आणि मग द्यायचा की नाही ते ठरवा.

एका कागदावर मजुरी, शाळा, सुरक्षितता, नोकरीचा करार असं रिकन्स्ट्रक्शनचं सगळं प्रकरण उलगडतं. पाठ्यपुस्तकातली तीन पानं त्यानंतर वाचली की मुलांना ती समजतात.

दुसरं उदाहरण आपल्या अंगणातलं. न्यू जर्सीची २ जुलै १७७६ ची राज्यघटना ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या ‘सर्व रहिवाशांना’ मत देत होती. त्यात अविवाहित बायका आणि विधवा आल्या, स्वतंत्र कृष्णवर्णीयही आले. विवाहितेच्या नावावर मालमत्ताच नसायची, म्हणून त्या बाहेर. १८०७ मध्ये कायदा करून मत फक्त गोऱ्या, कर भरणाऱ्या पुरुष नागरिकांपुरतं ठेवलं. फिलाडेल्फियाच्या म्युझियम ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशननं त्या काळच्या मतदार याद्या शोधून ऑनलाइन ठेवल्या आहेत. त्यातली सॉमरसेट काउंटीच्या मॉन्टगोमरी टाउनशिपची १८०१ ची यादी काढा. हातानं लिहिलेली नावं, पुरुषांच्या नावांमध्ये मधूनच बायकांची. हे तेच मॉन्टगोमरी, जिथे आज आपली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीची बस रोज तिथूनच येत असेल. हक्क मिळत मिळत वाढतच जातात अशी मुलांची समजूत असते. मिळालेला हक्क काढूनही घेतला जातो हे या यादीवरून कळतं. याच राज्यानं १८०४ मध्ये गुलामगिरी टप्प्याटप्प्यानं संपवण्याचा कायदा केला, आणि तरीही १८६० च्या जनगणनेत इथे १८ माणसं त्याच अवस्थेत नोंदलेली आहेत. ‘नॉर्थ चांगला, साउथ वाईट’ असं लिहिणाऱ्या वर्गाला हे दोन आकडे द्या.

सहलीसाठी बस मिळाली तर मॉरिसटाउन, प्रिन्स्टनचं रणांगण, पॅटरसनचे धबधबे, न्यूयॉर्कचं टेनेमेंट म्युझियम. नाही मिळाली तरी शनिवारी तुम्ही एकट्या जाऊन या. रेंजरशी गप्पा मारल्या की पाठाला लागणारी एखादी चीज हमखास हाती येते.

प्रशिक्षणाचं चित्र गेल्या काही वर्षांत बदललंय. २००१ मध्ये सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या पुढाकारानं ‘टीचिंग अमेरिकन हिस्टरी’ अनुदानं सुरू झाली आणि दहाएक वर्षांत जवळजवळ एक अब्ज डॉलर शिक्षकांच्या प्रशिक्षणावर गेले. जुने सहकारी त्या आठवणी काढतील. ते पैसे आता नाहीत. नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीजच्या उन्हाळी कार्यशाळा माझ्या मते सगळ्यात उत्तम, कारण प्रत्यक्ष स्थळी नेऊन इतिहासकारांबरोबर बसवतात आणि वर भत्ता देतात. पण २०२५ मध्ये त्यांची पुष्कळ अनुदानं मध्येच रद्द झाली. म्हणून त्या वर्षाची यादी डोळ्यांनी बघितल्याशिवाय सुट्टीचा बेत त्यावर आखू नका.

पहिल्या वर्षी गिल्डर लेहरमन इन्स्टिट्यूट धरा. न्यूयॉर्कची ही संस्था १९९४ पासून आहे. शाळेला त्यांची संलग्नता फुकट मिळते. नसेल तर तुम्हीच अर्ज भरून टाका, सुपरवायझर नाही म्हणणार नाहीत. उन्हाळ्यातले सेमिनार ऑनलाइन आणि प्रत्यक्ष असे दोन्ही असतात. गेटिसबर्ग कॉलेजबरोबर त्यांची अमेरिकन इतिहासातली एमए आहे, ती नोकरी सांभाळून ऑनलाइन करता येते. तुमच्याकडे एमए आधीच आहे, त्यामुळे दुसरीची घाई नको. मात्र डिस्ट्रिक्टच्या पगाराच्या तक्त्यात ‘एमए प्लस ३०’ हा रकाना असेल, तर हे क्रेडिट तिथे मोजले जातात का ते एचआरला लेखी विचारा.

ओहायोतल्या अॅशलँड विद्यापीठातलं अॅशब्रुक सेंटर एक दिवसाचे सेमिनार घेतं. कागदपत्रं आधी पाठवतात आणि दिवसभर गोल बसून त्यावरच चर्चा होते, व्याख्यान नाही. ही पद्धत मला फार आवडते. व्हर्जिनियात वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन आणि कोलोनियल विल्यम्सबर्ग इथे राहण्याच्या शिक्षक कार्यशाळा होतात. जेम्स मॅडिसन फेलोशिप मास्टर्ससाठी २४,००० डॉलरपर्यंत देते, पण त्याला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्डावर असाल तर अर्जात वेळ घालवू नका. न्यू जर्सीत वर्षाला २० तास पीडी (व्यावसायिक प्रशिक्षण) दाखवावे लागतात. यातलं काय त्यात धरतात हे नोंदणीच्या आधी विचारून घ्या, नंतर नाही.

नॅशनल हिस्टरी डे ही स्पर्धा १९७४ मध्ये क्लीव्हलँडला सुरू झाली आणि तिची अंतिम फेरी जूनमध्ये मेरीलँड विद्यापीठात होते. मुलांकडून खरं संशोधन करून घ्यायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पण दुसऱ्या वर्षापासून. पहिल्या वर्षी झेपणार नाही.

आता एक नाजूक गोष्ट. इथे इतिहासाचं साहित्य देणाऱ्या संस्थांना राजकीय कल असतो आणि पालकांना तो ठाऊक असतो. झिन एज्युकेशन प्रोजेक्ट उघडपणे डावीकडचं आहे. अॅशब्रुक आणि बिल ऑफ राइट्स इन्स्टिट्यूट उजवीकडे झुकतात. मी तिन्हींचं वापरते. माझा नियम एवढाच: त्यांच्याकडून कागदपत्र घ्यायचं, त्यांनी त्यावर लिहिलेली प्रस्तावना आणि प्रश्न घ्यायचे नाहीत. प्रश्न आपले. पालकाचा ईमेल आला तर जॉर्डन अँडरसनचं पत्र जोडून पाठवता येतं, कुणाचं भाष्य नाही. आणि गुलामांचा लिलाव, जहाजातला प्रवास असलं काही वर्गात ‘करून दाखवायला’ कधीही लावू नका, कुठल्याही वर्कशीटवर ते दिसलं तरी. त्यातून मुलांना इजा होते, आणि असे प्रकार शाळांच्या अंगाशीही आले आहेत.

तुमच्याकडे इथल्या कुणाकडे नसलेली काही कागदपत्रंही आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांच्या मुक्तीबद्दल. ते वर्ष रिकन्स्ट्रक्शनच्या ऐन मध्यावर येतं. पुण्यातून अमेरिका कशी दिसत होती आणि त्याच वेळी लुइझियानात काय चाललं होतं, ही तुलना दहावीची मुलं आरामात करतात. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत हिंडल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी मराठीत अमेरिकेच्या लोकस्थितीवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं इंग्रजी भाषांतर आहे, अमेरिकेवर लिहिणाऱ्या फ्रेंच टोकव्हिलच्या उताऱ्याशेजारी त्यातलं एक पान ठेवून बघा. डॉ. आंबेडकर आणि कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचा १९४६ चा पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्ट इथल्या संग्रहात ऑनलाइन आहे, तो ‘यूएस टू’ मिळेल तेव्हा काढा.

नागरिकत्वाच्या प्रकरणात दोन निकाल जोडीनं द्या. १७९० चा कायदा ‘मुक्त गोऱ्या व्यक्ती’लाच नागरिक होऊ देत होता. नोव्हेंबर १९२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं जपानी ताकाओ ओझावांना सांगितलं, गोरा म्हणजे कॉकेशियन (तेव्हाच्या वंशशास्त्रातला एक वंश), तुम्ही ते नाही. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, अमेरिकन सैन्यात नोकरी केलेले भगतसिंग थिंड म्हणाले, मग मी कॉकेशियन आहे. कोर्ट म्हणालं, शास्त्र काय म्हणतं ते राहू द्या, सामान्य माणूस तुम्हाला गोरा समजत नाही. दोन्ही निकाल न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांचे, आणि ते स्वतः इंग्लंडात जन्मलेले! न्यू जर्सीनं २०२२ मध्ये आशियाई अमेरिकन इतिहास अभ्यासक्रमात घेण्याचा कायदा केलाय, त्यामुळे याला कुणी ‘जादा’ म्हणू शकत नाही. फोटो आणि कागद फिलाडेल्फियाच्या साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्हमध्ये मिळतील. पण हे वर्षात तीन-चार वेळा, जिथे खरोखर बसतं तिथेच. दर आठवड्याला भारत आणलात तर मुलं कंटाळतील आणि सुपरवायझर विचारतील.

उच्चारांची एक छोटी तयारी मात्र करा, कारण मुलं तिथेच पकडतात. कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारणाऱ्या ड्रेड स्कॉट निकालाचे सरन्यायाधीश (Taney) ‘टॅनी’ नाहीत, ‘टॉनी’ आहेत. वुस्टर (Worcester) विरुद्ध जॉर्जिया हा खटला. स्कूकल (Schuylkill) नदी. सू (Sioux) जमात. प्रत्येक प्रकरणाआधी नावं एकदा ऐकून घ्या.

ऑगस्टमध्ये करायचं काम असं. डिस्ट्रिक्टचा पेसिंग गाइड मागवा आणि कुठल्या आठवड्यात काय संपवायचं ते बघा. मग महिन्याला दोन या हिशेबानं वर्षभराचे कागद निवडा आणि ते स्वतः पूर्ण, मूळ रूपात वाचा, कापून सोपे केलेले नव्हे. अठराव्या शतकातलं इंग्रजी मुलांना जड जातं, तेव्हा वर्गात सोपी प्रत द्या, पण मूळ पानाचा फोटो पडद्यावर असू द्या. नियमानुसार पहिल्या वर्षी तुम्हाला एक मेंटॉर मिळेल. पहिल्याच भेटीत त्यांच्याकडून गेल्या वर्षीची युनिट टेस्ट मागून घ्या. बाकी कुठल्याही संकेतस्थळापेक्षा ती आधी लागेल.